तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी गाण्याचा क्लास: नाशकातल्या पालकांनी काय पाहावं, काय करावं

मूल बालवाडीत रुळलं की घरात पुढचा विषय निघतो. आता याला कशाला घालायचं? चित्रकला, स्केटिंग, अबॅकस की गाणं? नाशकात गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत गाण्याचे, तबल्याचे, कीबोर्डचे क्लास आहेत, आणि हल्ली काही ठिकाणी तीन वर्षांच्या मुलालाही प्रवेश मिळतो. मी बरीच वर्षं बालवाडीच्या मुलांबरोबर गाते. या वयात संगीत मुलाला भरभरून देतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र मोठ्यांचा क्लास छोटा करून मुलांना दिला तर त्यातलं फारसं काही हाती लागत नाही. सहा वर्षांच्या आत मुलाचा कान तयार व्हावा, अंगात ताल यावा आणि चार जणांत मिसळून गायची गोडी लागावी, एवढंच मागावं. त्या दृष्टीने काय करायचं ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: अपेक्षा पक्की करा

सगळ्यात मोठा फायदा भाषेचा. बोलताना आपण शब्द भरभर सोडून देतो, गाण्यात तो तुकड्यातुकड्याने, ठाशीव येतो. भाजी निवडायला बसलात की मुलाला शेजारी घ्या आणि भाज्यांच्या नावांवर टाळ्या वाजवा. 'वाल'ला एक, 'कांदा'ला दोन, 'बटाटा'ला तीन. 'कोथिंबीर'पाशी हमखास वाद होतो. कुणी को-थिं-बीर म्हणत तीन टाळ्या वाजवतं, कुणी को-थिं-बी-र म्हणत चार. तो वाद मिटवू नका, होऊ द्या. शब्द आवाजांच्या तुकड्यांनी बनतो हे मुलाच्या लक्षात आलं आहे, आणि पुढे अक्षरओळख याच पायावर उभी राहते. कॅनडात २००२ मध्ये चार-पाच वर्षांच्या १०० मुलांचा अभ्यास झाला होता. सूर-तालाची जाण चांगली असलेल्या मुलांची शब्दांतले आवाज ओळखण्याची आणि सुरुवातीच्या वाचनाची तयारीही चांगली दिसली. एकामुळे दुसरं झालं असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही, पण दोन्हींचं नातं आहे हे नक्की.

दुसरा फायदा स्वतःला आवरण्याचा. गाणं सुरू असताना चालायचं, थांबलं की पुतळा व्हायचं, हा खेळ तुम्हीही लहानपणी खेळला असाल. अंग पुढे धावत असताना ते जागच्या जागी रोखणं तीन वर्षांच्या मुलासाठी मोठं काम असतं. पाळी येईपर्यंत खंजिरी मांडीवर ठेवून बसणं त्याहून मोठं. 'शांत बस' असं दहादा सांगून जे होत नाही, ते इथे मूल आपण होऊन करतं.

तिसरा फायदा मिसळण्याचा, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जर्मनीत लाइपझिग इथे सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या घेऊन एक प्रयोग केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही जोड्यांनी एकत्र गात-वाजवत खेळ खेळला, काहींनी तसाच खेळ संगीताशिवाय खेळला. नंतर गाऊन खेळलेल्या मुलांनी एकमेकांना जास्त मदत केली. सोसायटीत एकुलतं एक वाढणाऱ्या मुलाला याची किती गरज आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता जाहिरातींत जे सांगतात त्याबद्दल. 'संगीतामुळे बुद्ध्यांक वाढतो' हे वाक्य पाहून पैसे भरू नका. मोझार्ट ऐकून हुशारी वाढते ही समजूत १९९३ च्या एका प्रयोगावरून पसरली. तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला होता, आणि त्यातला परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला होता. टोरंटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांवर प्रयोग केला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात वर्षभर संगीत शिकलेल्या मुलांना बुद्ध्यांकात इतरांपेक्षा जेमतेम तीन गुणांचा फायदा दिसला. हार्वर्डमध्ये २०१३ साली चार वर्षांच्या मुलांच्या काही आठवड्यांच्या क्लासनंतर तसा ठोस फायदा आढळला नाही. संगीत संगीतासाठी आणि माणसांत रमण्यासाठी द्या. त्यापलीकडे काही मिळालं तर आनंदच आहे.

दुसरी पायरी: आपल्या मुलाचं वय ओळखा

तीन वर्षांचं मूल गाणं सलग म्हणत नाही. ओळीचा शेवटचा शब्द तेवढा झेलतं, मध्येच नाचतं, मध्येच उठून खिडकीपाशी जातं. ताल त्याचा स्वतःचा असतो आणि बहुधा आपल्यापेक्षा जलद. या वयात मोठ्यांनी मुलाच्या चालीत वाजवायचं असतं. चार-साडेचारच्या पुढे मूल हळूहळू आपल्या ठेक्यात येऊ लागतं. मोठा आवाज आणि बारीक आवाज, संथ चाल आणि जलद चाल हे फरक ओळखतं. साडेपाच-सहाला दोन गट पाडून सवाल-जवाब करता येतात, सा-रे-ग-म खेळासारखं गाता येतं. केरव्याच्या आठ मात्रा किंवा दादऱ्याच्या सहा मात्रा हातावर मोजायला लावल्या तर आवडतात.

तिनापाशी क्लास अर्ध्या तासाचा पुरे, पाचापाशी पाऊण तास. आठवड्यातून एकदा दीड तास बसवण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं गाणं केव्हाही चांगलं.

पट्टीकडे, म्हणजे गाण्याचा सा किती उंचीवर धरला आहे त्याकडे, मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे चांगले शिक्षकही दुर्लक्ष करतात. या वयाचा आवाज जेमतेम पाच-सहा स्वरांत सुखाने फिरतो. शिकवणाऱ्या बाईंची नेहमीची पट्टी काळी चार किंवा काळी पाच, म्हणजे पेटीची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी. त्या पट्टीत खालचा सा मुलांना फार खोल जातो आणि वरच्या सा-कडे जाताना ओढाताण होते. मग मुलं ओरडतात किंवा सूर सोडून नुसती बोलतात, आणि आपण म्हणतो, 'हिला सूर नाही.' पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक किंवा दोन सा धरली आणि गाणं सा ते प, फार तर ध-पर्यंत ठेवलं, की तेच मूल सुरात येतं. 'सूर नाही' हा शिक्का चार वर्षांच्या मुलावर कुणीही मारू नये, घरच्यांनी तर मुळीच नाही.

तिसरी पायरी: क्लास शोधा, आणि एक क्लास पूर्ण बसून बघा

आधी अंतर बघा. घरापासून पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल असाच क्लास निवडा. संध्याकाळी सहाला द्वारका, मुंबई नाका किंवा कॉलेज रोडच्या गर्दीतून स्कूटरवर चाळीस मिनिटं आलेलं मूल दमलेलं आणि भुकेलेलं असतं, त्याच्याकडून गाण्याची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. साडेचार-पाचची वेळ किंवा शनिवार-रविवारची सकाळ बरी. निघण्यापूर्वी अर्धं केळं किंवा एखादा लाडू द्या, पोटभर नको.

चौकशीला गेलात की पैसे भरण्याआधी एक क्लास सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू द्या, असं सांगा. मोकळ्या मनाने 'या' म्हणणारी जागा निम्मी परीक्षा तिथेच पास होते. चांगला क्लास कसा चालतो ते लिहिते, म्हणजे काय शोधायचं ते कळेल.

खोलीत सतरंजी, चपला बाहेर, आठ-दहा मुलं, एक ताई आणि मदतीला आणखी एक जण. लहान मुलांचे आई-बाबा किंवा आजी-आजोबा मागे बसलेले. सुरुवात नावाच्या गाण्याने. ताई प्रत्येक मुलाचं नाव सुरात घेते आणि थांबते. मुलाने 'ओ' दिली तर छान, नुसतं हसलं तरी चालतं, पण ती त्याच्याकडे बघत तीन-चार मात्रा वाट बघते. त्या थांबण्यावरून मी शिक्षक ओळखते. मग सगळे उठतात. ढोलकीच्या ठेक्यावर हत्तीसारखं चालणं, सशासारखं पळणं, ठेका थांबला की गोठून उभं राहणं. त्यानंतर ऐकण्याचा खेळ: पडद्यामागे चिपळ्या, घुंगरू, टाळ यातलं काहीतरी वाजतं आणि मुलं ओळखतात. मग वाद्यं वाटली जातात, पाच मिनिटं सगळी मिळून वाजवतात आणि पुन्हा टोपलीत ठेवतात. ठेवायचंही एक छोटं गाणं असतं, म्हणून रडारड होत नाही. शेवटी दिवे थोडे मंद करून एक संथ अंगाई आणि निरोपाचं गाणं. दर वेळी सुरुवात आणि शेवट तोच, मधलं थोडं बदलतं. या तीस-चाळीस मिनिटांत ताई सलग दोन मिनिटंसुद्धा भाषण देत नाही.

याउलट काही गोष्टी दिसल्या तर तिथून निघा. लहान खोलीत माइक आणि स्पीकर. टीव्हीवर गाणी लावून मुलांना समोर बसवणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम, असं सांगितलं आहे. तो तास गाण्याच्या क्लासमध्ये घालवायचा नाही. कीबोर्डचा तयार ठेकाही मला या वयाला पटत नाही. यंत्र मुलासाठी थांबत नाही, ढोलकीवर बसलेला माणूस मुलाबरोबर हळू होतो. तीन वर्षांच्या मुलाला तबल्याच्या जोडीसमोर मांडी घालून बसवलेलं दिसलं तर विचारा, का? बोटं अजून वेगळी चालत नाहीत, मनगट कोवळं असतं. आणि स्नेहसंमेलनाची तयारी हाच वर्षभराचा अभ्यासक्रम असेल तर मुलं एकच गाणं महिनोन्महिने घोकत बसतील.

शिक्षकांना एक प्रश्न जरूर विचारा: 'माझं मूल गायलंच नाही तर तुम्ही काय कराल?' 'बसू दे, ऐकू दे, त्याच्या वेळेने गाईल' असं उत्तर आलं तर निर्धास्त राहा. 'आम्ही त्याच्याकडून गाऊन घेतो' असं आलं तर पुढचा पत्ता शोधा.

वर्षाची फी एकदम भरू नका. महिन्याची किंवा फार तर तीन महिन्यांची भरा. तोंडाने वाजवायची वाद्यं एकमेकांत फिरवतात का, सुटल्यावर मुलाला कुणाच्या ताब्यात देतात, स्वच्छतागृह कुठे आहे, हेही तिथेच विचारून घ्या.

चौथी पायरी: पहिले काही आठवडे धीर धरा

पहिल्या दोन-तीन वेळा मूल तुमच्या मांडीवरून उतरणार नाही. उतरलं तर दाराशी जाईल. तुम्ही स्वतः गा, टाळ्या वाजवा, मुलाकडे टक लावून बघू नका. बरीच मुलं क्लासमध्ये तोंड उघडत नाहीत आणि घरी आंघोळ करताना अख्खं गाणं म्हणतात. म्हणजे ऐकणं चालू आहे. 'तिथे का नाही म्हणालास?' असं विचारलंत तर घरचंही बंद होईल.

पाहुणे आले की 'काकांना गाणं म्हणून दाखव' हा आग्रह टाळा. मुलाने आपण होऊन म्हटलं तर सगळ्यांनी मिळून त्याच्याबरोबर म्हणा. कौतुक करताना 'किती गोड आवाज' यापेक्षा 'आज थांबायच्या जागी बरोब्बर थांबलीस की!' असं नेमकं बोला, मुलाला त्यातून कळतं की आपण काय केलं.

सहा-सात आठवडे झाले आणि मूल क्लासच्या दिवशी रडतच निघत असेल तर सोडा. सहा महिन्यांनी पुन्हा बघा. मुलात खोट असण्याचं कारण नाही, वेळ आलेली नाही एवढंच.

पाचवी पायरी: घरी रोज दहा मिनिटं

क्लास आठवड्याचा एखादा तास, बाकीचा आठवडा घराचा. खरं शिकणं घरीच मुरतं. त्यासाठी वेगळा रियाज मांडायची गरज नाही, रोजच्या कामांना गाणं जोडा. दात घासताना एक, चप्पल घालताना एक, झोपताना एक. शब्द तुम्हीच जुळवा, चाल कुठलीही चालेल. 'एक पाय आत, दुसरा पाय आत, चला आता बाजारात' असं काहीही. आजी-आजोबा घरात असतील तर ओव्या, बडबडगीतं, भोंडल्याची गाणी त्यांच्याकडून घ्या. मांडीवर झुलवत, बोटं मोजत म्हणायची ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या घासून इतकी मुलांच्या मापाची झाली आहेत की कुठल्याही छापील अभ्यासक्रमाने हेवा करावा.

स्वतःला गाता येत नाही म्हणून गप्प बसू नका. मुलाला तुमचा आवाज हवा असतो, सुरेल असो वा नसो. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावून बाजूला ठेवून दिलंत तर सा धरायला तुम्हालाही आधार होईल.

वाद्यांसाठी फार खर्च करू नका. भाकरीचं पीठ मळायची परात, लाकडी कालथा आणि डबे यावर सुरुवात होते. प्लॅस्टिकच्या बाटलीत मूठभर तांदूळ घालून खुळखुळा बनवता येतो, पण झाकण चिकटवून वरून टेप घट्ट गुंडाळा, कारण तांदूळ किंवा हरभरे नाकात-घशात जायची भीती असते. विकत घ्यायचंच तर लहान खंजिरी, चिपळ्या, घुंगरांची पट्टी आणि टाळांची छोटी जोडी घ्या. टाळ घेताना दुकानात एकदा वाजवून बघा, नाद लांबत नसेल तर दुसरी घ्या.

ऐकण्यासाठी बाहेरही न्या. दिवाळीत नेहरू चौकातल्या पिंपळपारावर पाडवा पहाट होते. उघड्यावरची मैफल लहान मुलांना सोयीची, कंटाळा आला की उठून फिरवून आणता येतं. नाट्यगृहात गेलात तर रांगेच्या टोकाची खुर्ची धरा आणि अर्ध्या तासाने मूल चुळबुळ करू लागलं की मुकाट्याने बाहेर पडा. घराजवळच्या देवळात संध्याकाळी हरिपाठ होत असेल तर त्याहून चांगला क्लास नाही: टाळ, मृदंग, सगळ्या वयाची माणसं, आणि चूक काढायला कुणी नाही. ज्यांना फी परवडत नाही त्यांनी मूल काहीतरी गमावतंय असं वाटून घेऊ नये. अंगणवाडीतल्या ताईंकडे गाण्यांचा साठा असतो. घरी दहा मिनिटं आणि आठवड्यातून एकदा हरिपाठ, एवढ्यावर या वयाचं काम होतं.

कान जपा

नाशिक ढोलाचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. गणपतीच्या आधी पथकांचे सराव सुरू झाले की लहान मुलांना खांद्यावर घेऊन लोक अगदी समोर उभे राहतात. हे करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मुलांसाठी आठवड्याला ७५ डेसिबल आवाज ४० तास, ही मर्यादा आहे. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ढोल-ताशा जवळून १०० डेसिबल सहज ओलांडतो, आणि त्या पातळीला मुलाचा आठवड्याचा वाटा साडेसात मिनिटांच्या आतच संपतो. कापसाचे बोळे पुरत नाहीत. कान झाकणारे इयरमफ लहान मापात मिळतात, ते घ्या, आणि तरीही लांब उभे राहा. लग्नातल्या डीजेलाही हाच नियम.

क्लासमध्ये मूल सतत मागे पडत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवायला सांगत असेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर आधी कान तपासा. पावसाळ्यात सर्दी लांबली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि मुलाला काही आठवडे कमी ऐकू येतं. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून वर्षाला दोनदा मोफत तपासणी होते. तिथेच ही शंका बोलून दाखवा.

पुढचं शिक्षण कधी?

सहा महिन्यांनी मागे वळून बघताना गाणी किती पाठ झाली ते मोजू नका. मूल खेळताना आपणहून गुणगुणतं का, चालीत चालतं का, पाळीसाठी थांबतं का, कुकरची शिट्टी आणि मंदिरातली घंटा ऐकून 'ही वरची, ती खालची' असं काही म्हणतं का, ते बघा. यातलं दोन-तीन होत असेल तर क्लास चांगला चाललाय.

प्रारंभिक, प्रवेशिका या शास्त्रीय संगीताच्या सुरुवातीच्या परीक्षांची घाई करू नका. सात-आठ वर्षांचं झालं, स्वतःहून 'मला शिकायचंय' म्हणू लागलं, की गुरू शोधा. प्रसिद्ध शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर १९२१ साली आपल्या नाशकात जन्मले. थोर गायक आणि गुरू विष्णु दिगंबर पलुसकरांचा मुलगा, घर म्हणजे गाणंच. वडील १९३१ साली गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते, आणि विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास यांच्याकडची तालीम त्यानंतर झाली. तेव्हा शेजारची मुलगी सहाव्या वर्षी परीक्षेला बसली म्हणून जीव खाली-वर करू नका. गुरूकडे जाताना मुलाला पहिल्या दिवशी बरोबर न्या, त्यांच्यासमोर गायला लावू नका, आधी त्यांचं गाणं ऐकू द्या. घरी आल्यावर विचारा: 'आवडलं का? पुन्हा जायचं का?' उत्तर मुलाचं असेल, आणि पहिल्या महिन्याची फी त्यानंतर भरा.